एकतीस ठिकाणं आणि माळकरी आई

*ताई, मी ३४ वर्षांची, सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. लॉकडाउनमध्ये कोरियन मालिका बघायला लागले, ते अजून सुटलेलं नाही. आता आईही हिंदी डबिंगमध्ये माझ्याबरोबर बघते. साडेचार लाख साठवलेत. येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत बावीस रात्रींसाठी कोरियाला जायचंय. एवढा लांबचा आणि एवढा मोठा प्रवास पहिलाच. मालिकांमधल्या एकतीस ठिकाणांची यादी सोबत जोडली आहे. हे सगळं बसेल का? आणि आईला न्यावं का? ती ६२ वर्षांची, माळकरी, गुडघे कुरकुरतात. भाऊ म्हणतो, तिला तिथे खायला काय घालणार? वहिनी म्हणते, सिरियलच्या वेडापायी एवढे पैसे? आईला विचारलं तर म्हणाली, "मला बाकी काही बघायचं नाही. त्या गल्लीतल्या बाया ज्या बाकड्यावर बसून भाजी निवडतात ना, तिथे घटकाभर बसायचंय. आणि पालखी निघायच्या आत परत यायचं." काय करू?*

तुझ्या वहिनीचं आधी उरकते. हिंदी सिनेमातली जोडपी बर्फात नाचली म्हणून आपल्याकडची कितीतरी घरं स्वित्झर्लंडला जाऊन आली. त्याला कोणी वेड म्हटलं नाही, पॅकेज टूर म्हटलं. तू स्वतः कमावलेल्या पैशाने जाते आहेस. विषय संपला.

आता यादी. दोनदा वाचली. मालिकेप्रमाणे वेगवेगळ्या रंगाच्या पेनांनी केलेल्या खुणा बघून तुझ्या वर्गातल्या पोरांची दया आली. पण ही यादी घेऊन निघालीस तर बावीस दिवसांतले निम्मे बस आणि रेल्वेत जातील आणि उरलेले फोटोच्या रांगेत. हे मी ऐकीव सांगत नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा माझी यादी एकोणीस ठिकाणांची होती आणि महिना जुलैचा. 'गॉब्लिन'मधला समुद्रात घुसलेला तो धक्का तुझ्या यादीत पहिलाच आहे, माझ्याही होता. गांगनुंग शहराच्या उत्तरेला, जुमुनजिनजवळ. सोलहून दोन तास रेल्वे, पुढे बस, उतरल्यावर पाऊस. छत्री धरून रांगेत उभी राहिले. माझी पाळी आल्यावर मागच्या मुलीच्या हातात मोबाइल दिला, तिने तीन फोटो काढले, त्यातल्या एकात माझे डोळे मिटलेले. झालं. तो धक्का म्हणजे लाटा अडवायला घातलेला सिमेंटचा बांध, असे आपल्या कोकणात दर बंदराला सापडतील. पडद्यावर तिथे जे काही दिसलं ते कॅमेऱ्याने, संगीताने आणि दोन चांगल्या नटांनी आणलेलं होतं. शूटिंग आटोपल्यावर ती मंडळी ते बरोबर घेऊन गेली.

म्हणून एकतीसमधली सात ठेव. कोणती ते सांगते, पण आधी तारखा, कारण तारखांमध्ये आईंचं म्हणणं तुझ्यापेक्षा शहाणपणाचं आहे.

आपला उन्हाळा आणि त्यांचा उन्हाळा एक नाही. आपल्याकडे मे महिन्यात जीव नकोसा होतो तेव्हा सोलमध्ये वसंत सरत आलेला असतो. दुपारी बावीस-तेवीस अंश, रात्री अंगावर काहीतरी घ्यावं लागतं. त्यांचा खरा उन्हाळा जून ते ऑगस्ट. त्यात जूनच्या अखेरीला 'जांगमा' म्हणजे त्यांचा पावसाळा लागतो आणि जुलैच्या अखेरपर्यंत रेंगाळतो. सोलला एका जुलै महिन्यात सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरच्या शेजारच्या माणसाला हा आकडा चिल्लर वाटेल, पण तो पडतो अंगाला चिकटणाऱ्या उकाड्यात, आणि बुटांतून पाणी काढत फिरायला आपण सुट्टी घेतलेली नसते. पुढे जुलैअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीला खुद्द कोरियन लोकांच्या सुट्ट्या, म्हणजे समुद्रकिनारे फुल्ल आणि खोल्या महाग. पालखी आणि जांगमा दोन्ही साधारण एकाच सुमाराला निघतात असं समज, आणि दोन्हींच्या आत घरी ये. ८-९ मेच्या पुढे निघ. ५ मेला त्यांचा बालदिन असतो, त्याच्या आजूबाजूला सगळा देश घराबाहेर पडलेला असतो, ते टाळ. ३१ मेच्या आसपास परत. शाळा उघडायला पंधरवडा उरतो.

एक गोष्ट आत्ताच मनाला सांगून ठेव. तुझ्या आवडत्या मालिकांमधला बर्फ मेमध्ये नसतो, आणि चेरीचा बहर एप्रिलच्या मध्यापर्यंत झडलेला असतो. मेमध्ये हिरवाई असते, आणि कुंपणांवरून ओसंडणारे गुलाब. शिवाय बुद्धजयंती. आपली वैशाख पौर्णिमेला, त्यांची चांद्र वर्षाच्या चौथ्या महिन्याच्या आठव्या दिवशी, त्यामुळे तारखा जुळत नाहीत. पण बहुतेक वर्षी ती मेमध्ये येते. त्याआधी काही आठवडे देवळांच्या अंगणांत रंगीत कंदिलांचं छत लागतं आणि प्रत्येक कंदिलाखाली कुणाच्या तरी नावाची चिठ्ठी लोंबत असते. सोलमध्ये जोग्येसा मंदिरात हे बघ. माळकरी बाईला तिथून उठवणं हे तुझं काम.

कागदपत्रांना लवकर लाग. आपल्याला कोरियाचा व्हिसा आधी काढून जावं लागतं. बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, नोकरीचा दाखला, राहण्या-फिरण्याचा आराखडा, हे सगळं बघतात. पण तुझा वेळ खाणार आहे ती परदेशी जायची परवानगी. जिल्हा परिषदेतली फाइल कशी चालते हे तुला मी सांगावं असं नाही. दिवाळीनंतर लगेच अर्ज टाक. आईंचं स्वतःचं विवरणपत्र नसेल तर त्यांचा खर्च तू करणार हे लिहून द्यावं लागेल आणि नातं दाखवणारा कागद लागेल. इथेच आपल्याकडच्या बायकांचं अडतं. आधारवर सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, बँकेत मधलंच काहीतरी. आईंचा पासपोर्ट काढायच्या आधी सगळीकडे एकच नाव करून घे. आणि व्हिसा हातात येईपर्यंत, रद्द केल्यावर पैसे परत मिळत नाहीत असं तिकीट काढू नकोस, कितीही स्वस्त दिसलं तरी.

हो, म्हणजे आईंना ने. पुढचं सगळं मी दोघींचं धरून लिहिते आहे.

आता यादीवर लाल पेन. 'क्रॅश लँडिंग ऑन यू'ची तू लिहिलेली दोन्ही ठिकाणं कोरियात नाहीतच. तळ्याकाठचा तो लाकडी धक्का स्वित्झर्लंडमध्ये इझेल्टवाल्ड नावाच्या गावात आहे. चाहत्यांची इतकी रीघ लागली की गावाने तिथे फिरतं फाटक बसवलं आणि धक्क्यावर जायचे पाच फ्रँक लावले. आणि प्याँगयांगचं म्हणून दाखवलेलं रेल्वे स्टेशन मंगोलियातलं, उलानबातरचं. दोन्ही खोड. 'अॅटर्नी वू'मधलं ते पाचशे वर्षांचं झाड खरं आहे, छांगवॉनजवळच्या एका खेड्यात. मालिकेनंतर २०२२ मध्येच सरकारने त्याला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला. पण ते दक्षिण टोकाला पडतं आणि वाटेत दुसरं काही नाही. तेही खोड, मलाही वाईट वाटतंय. जेजू बेट पुढच्या खेपेला. नामी बेटावर 'विंटर सोनाटा'तला बर्फ शोधायला मेमध्ये जाऊ नये. सोलमधली जी बारा कॅफे लिहिली आहेस ती मी एकत्र एक धरली. त्यातल्या कुठल्याही एकात बस.

मार्ग असा. सोल आठ रात्री, गांगनुंग तीन, फोहांग पाच, जॉन्जू दोन, परत सोल चार. चार गावं, पाच मुक्काम, बावीस रात्री. तुला वाटेल ताई म्हातारी झाली. पण प्रत्येक वेळी खोली सोडायची म्हणजे बॅगा भरायच्या, स्टेशन गाठायचं, नवी जागा शोधायची. अर्धा दिवस जातो आणि आईंचे गुडघे तो अर्धा दिवस विसरत नाहीत.

सोलमध्ये ग्याँगबोकगुंग राजवाडा मंगळवारी बंद असतो, छांगदोकगुंग सोमवारी. हानबोक हा त्यांचा पारंपरिक पोशाख घालून गेलं तर प्रवेश फुकट. तो भाड्याने देणारी दुकानं राजवाड्याच्या बाहेर रांगेने आहेत. (आईंची नऊवारी कितीही झोकदार असली तरी तिला ही सवलत नाही.) बुकछोनच्या जुन्या घरांच्या गल्लीत सकाळी दहा ते संध्याकाळी पाच एवढ्याच वेळात जा. तिथे माणसं राहतात, आणि त्यांच्या दारात दिवसरात्र फोटो काढणाऱ्यांना कंटाळून पालिकेने बाकीच्या वेळात पर्यटकांना मुख्य गल्ली बंद केली आहे. दंड एक लाख वॉन. हजार वॉनचे साठ-पासष्ट रुपये धर आणि गुणाकार कर, गणित शिकवतेस ना? गल्ली चढाची आहे. आईंना खालीच चहाच्या दुकानात बसवून तू वर जाऊन ये.

सोलहून गांगनुंग. हो, धक्का बघ, तुला मी कितीही सांगितलं तरी तू जाणारच आहेस. सकाळी लवकर जा म्हणजे रांग नसते. पण गांगनुंगला पाठवते आहे ते दुसऱ्याच कारणासाठी, आणि इथे तुझ्या भावाचा प्रश्न येतो.

माळकरी माणसाला कोरियात खायला काय घालायचं? खरं सांगायचं तर अवघड आहे, कारण तिथे मांस दिसत नाही अशा पदार्थांत मासा लपलेला असतो. किमचीत, म्हणजे त्यांच्या आंबवलेल्या कोबीच्या लोणच्यात, बहुधा खारवलेली कोलंबी किंवा माशाचा रस असतो. सूप, रस्से, नूडल्सचं पाणी हे सुकवलेल्या बारीक मासळीच्या काढ्यावर चालतं. तू पडद्यावर बघून जिभल्या चाटतेस त्या लाल तिखट त्तोकबोक्कीत, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या तुकड्यांच्या रश्शातसुद्धा, माशाच्या वड्या असतात. बिबिम्बाप म्हणजे भाज्या घालून कालवायचा भात, तो 'मांस नको' म्हणून मागितला तरी वरच्या लाल मिरचीच्या चटणीत कधीकधी खिमा परतलेला असतो. नुसतं 'व्हेज' म्हणून उपयोग नाही, तो शब्द कळतो पण त्यात मासे धरलेले नसतात. काय करायचं, तर कोरियन लिपीत एक चिठ्ठी छापून घे: मांस, मासे, कोलंबी, माशाचा रस, मासळीचं पाणी, यातलं काहीही नको, धार्मिक कारण आहे. 'धार्मिक कारण' हे शब्द घालच. आवड-निवड म्हटलं की समजूत काढतात, व्रत म्हटलं की आत जाऊन स्वयंपाकिणीला विचारून येतात.

आणि मग हक्काच्या जागा. पहिली, बौद्ध मठांचं जेवण. त्यात मांस-मासे नाहीतच, वर कांदा-लसूणही नाही. सोलमध्ये जोग्येसा मंदिराच्या समोर बालू गोंगयांग हे त्या पंथानेच चालवलेलं भोजनगृह आहे. महाग आहे, आधी नाव नोंदवावं लागतं, पण एक दुपार तिथे घालव. दुसरी, सुंदुबू. गांगनुंगच्या एका वस्तीत सोयाबीनच्या दुधाचं हे मऊ चक्क्यासारखं टोफू समुद्राचं पाणी घालून विरजतात. (वस्तीचं नाव देवनागरीत लिहिलं की भलतंच वाचलं जातं, म्हणून लिहीत नाही. 'गांगनुंगचं सुंदुबू' म्हटलंस की टॅक्सीवाला बरोबर नेऊन सोडेल.) लाल रश्शातलं मागू नकोस, पांढरं माग. वाडग्यात कोमट, लोण्यासारखं हलणारं ते येतं, वर काही नाही. बाजूला सोया सॉसची वाटी, त्यातलं थेंबभर घालायचं. पहिला चमचा बेचव लागतो. तिसऱ्या चमच्याला कळतं की त्याला चव आहे, फक्त ती ओरडत नाही. त्या जुलैच्या दिवशी, ओल्या बुटांत, धक्का बघून आल्यावर मी हे खाल्लं. एकोणीस ठिकाणांपैकी आज नीट आठवतात ती तीन, आणि हे टोफूचं दुकान यादीत नव्हतंच.

तिसरं, घरून नेलेलं. दर चौकात दिसणाऱ्या त्या दुकानांत, जिथे तुझे नायक-नायिका रात्री प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून रडतात, शिजवलेल्या भाताचे बंद डबे मिळतात. मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असली की जेवण झालं. तिथलीच भाजलेल्या समुद्रशेवाळाची पाकिटं घे, तिळाच्या तेलाचा वास आला की आईंना पापडाची आठवण होईल. शेवाळात गुंडाळलेल्या भाताच्या त्रिकोणी गिम्बापवर १-२-३ असे आकडे असतात, त्या क्रमाने वेष्टन ओढलं तरच तो अख्खा बाहेर येतो. पण त्यातले बहुतेक ट्यूना किंवा हॅमचे, तेव्हा ती गंमत तुझी एकटीची. मांस, दुधाचे पदार्थ, ताजी फळं, भाज्या बॅगेत नेऊ नकोस, विमानतळावर काढून घेतात. म्हणजे तूप घरीच.

बावीस दिवसांत एक तरी एकादशी येणार, बहुधा दोन. भावाला सांग की तीही सोय आहे: रताळं. 'गोगुमा' म्हणतात. त्याच दुकानांपैकी कित्येकांत काउंटरवर गरम भाजलेली रताळी ठेवलेली असतात. बाहेरून काळपट, सोललं की आत पिवळंधमक, आणि गोड इतकं की साखर लावल्यासारखं. दोन रताळी आणि एक केळं, उपास सुखाचा. राजगिऱ्याचे लाडू बॅगेत असू देत.

गांगनुंगमधल्या तीन रात्रींतली एक मठात काढा. शेजारच्या ओदेसान डोंगरात वोलजंगसा मंदिर आहे. 'गॉब्लिन'मध्ये बर्फाने झाकलेली उंच झाडांची जी वाट दिसते ती तिथलीच, किलोमीटरभर लांब, सपाट, गुडघ्यांना त्रास नाही. म्हणजे तुझ्या यादीतलं एक ठिकाणही होतं. परदेशी पाहुण्यांना देवळात मुक्कामाला ठेवण्याची पद्धत कोरियात २००२ च्या फुटबॉल विश्वचषकापासून सुरू झाली. नाव ऑनलाइन नोंदवता येतं. पहाटे उठवतात, जेवण मुकाट्याने, ताटात काही टाकायचं नाही. तुला जड जाईल. काकड आरतीला उठणाऱ्या बाईला नाही. फक्त झोपायला जमिनीवर गादी असते आणि एकशे आठ नमस्कार घालायचा कार्यक्रम असतो. गुडघ्यांचं आधी सांगून ठेवलं तर खुर्ची देतात का, हे नोंदणी करतानाच विचार. बाकी मुक्कामांतही 'पलंग आहे का' हा पहिला प्रश्न. मालिकेत दिसते तसली हानोक म्हणजे जुन्या पद्धतीच्या घरातली खोली भुरळ घालते, पण ती जमिनीवरच्या अंथरुणाची असते. ती हौस जॉन्जूला एका रात्रीपुरती भागव.

गांगनुंगहून फोहांगला रेल्वेने जा. पूर्व किनाऱ्याने जाणारा हा मार्ग १ जानेवारी २०२५ ला पूर्ण झाला. त्याआधी या प्रवासाला बस नाहीतर सोलमार्गे वळसा घ्यावा लागायचा. अंदाजे तीन तास. समुद्राच्या बाजूची खिडकी माग, बोगदेही बरेच आहेत, पण मधूनच पाणी दिसतं.

फोहांगला पाच रात्री का? कारण तुझ्या सर्वांत आवडत्या 'होमटाउन चा-चा-चा'मधलं गोंगजिन हे गाव नकाशावर नाही. ते फोहांगच्या आजूबाजूच्या तुकड्यांतून शिवलेलं आहे. बाजार आहे छंगहाचा, शहराच्या उत्तरेला. टेकडीवरची होडी तिसरीकडे. छंगहाचा बाजार दर पाच दिवसांनी भरतो, आपला आठवडी बाजार तसा त्यांचा पाचव्या दिवसाचा. बाजाराचा दिवस कोणता ते मुक्कामाच्या मालकिणीला विचारून त्याच दिवशी जा. मालिकेच्या पाट्या बघायला पाच मिनिटं लागतात, पण बाजारात सकाळ जाते: भाज्यांच्या जुड्या घेऊन जमिनीवर बसलेल्या आज्या, डोक्यावर उन्हाची टोपी, पुढ्यात रानभाजीचे वाटे. 'वाटे' हा शब्द मी उगाच वापरत नाही. टोपल्यांमध्ये अगदी तसेच वाटे लावलेले असतात आणि घासाघीस केली की वर मूठभर घालतात.

शहराच्या दक्षिणेला गुर्योंगफो बंदर. 'व्हेन द कॅमेलिया ब्लूम्स' तिथे झाली. ती जुन्या लाकडी घरांची गल्ली जपानी राजवटीत आलेल्या मच्छीमार व्यापाऱ्यांनी बांधलेली, आणि वर टेकडीवर जाणाऱ्या जिन्याच्या दोन्ही बाजूंना दगडी खांब. त्यांवर पूर्वी जपानी वस्तीकरांची नावं होती. १९४५ ला देश सुटल्यावर गावकऱ्यांनी ती नावं सिमेंटने बुजवून खांब उलटे फिरवले. पोस्टरमधला फोटो त्याच पायऱ्यांवरचा आहे. तिथे बसून फोटो काढणाऱ्या दहांपैकी नऊ जण खांबांकडे बघत नाहीत. तू इतिहास पण शिकवतेस म्हणून सांगितलं. एक दिवस ग्याँगजूला जा, जवळच आहे, राजांच्या हिरव्या गवताळ टेकड्यांसारख्या समाध्या गावातच आहेत. मालिका-बिलिका काही नाही, तरी जा.

फोहांगहून पुढे जॉन्जू. त्याबद्दल फार लिहीत नाही, तिथल्या दोन रात्री जेवणाच्या आणि जुन्या घरांच्या. फक्त शनिवार-रविवार टाळ. केटीएक्स या वेगवान रेल्वेची तिकिटं महिनाभर आधी खुली होतात, मेमधल्या सुट्टीच्या दिवसांची लवकर संपतात.

बारीकसारीक: गूगल मॅप्सवर तिथे पायी जायचा रस्ता धड मिळत नाही, नेव्हर मॅप हे तिथलं नकाशाचं अॅप उतरवून घे आणि घरी बसून सराव कर. मेट्रो-बससाठी टी-मनी कार्ड घे. दुकानांत आपलं बँकेचं कार्ड चालतं, पण टी-मनीत पैसे भरायला बहुतेक ठिकाणी रोख लागते, म्हणून थोड्या नोटा जवळ ठेव. यूपीआयची सवय विसर. अडचण आली तर १३३० हा पर्यटकांचा फोन चोवीस तास चालतो आणि इंग्रजीत बोलतात. आणि ते साडेतीन तास पुढे आहेत. घरच्यांबरोबर व्हिडिओ कॉलवर आपल्याकडच्या संध्याकाळी सहाला हरिपाठ म्हणायचा असेल तर आईंना रात्री साडेनऊला बसावं लागेल.

पैशांचा माझा अंदाज: दोघींची विमानं लाख ते सव्वा लाख. मुंबईहून बहुधा एक थांबा घेऊन जावं लागतं. दोघींची मिळून साधी पण पलंगवाली खोली रात्रीला साडेचार-पाच हजार, म्हणजे लाख ते एक लाख दहा हजार. जेवण सत्तर हजार, रेल्वे-मेट्रो-टॅक्सी पन्नास, व्हिसा-विमा-मठ-प्रवेश पंचवीस. चार लाखांच्या आत-बाहेर. उरलेले पन्नास हजार आईंकडे ठेवायला दे. तुझ्याकडे राहिले तर सोलमधल्या म्यांगदोंगच्या क्रीम-लोशनच्या दुकानांतून ते बाहेर येणार नाहीत.

राहिली आईंची गल्ली. तुझ्या यादीत ती बाराव्या नंबरवर आहे, 'रिप्लाय १९८८'ची गल्ली म्हणून. वाईट बातमी ही, की ती गल्ली सेट होती, शूटिंग संपल्यावर पाडली. सांगमुनदोंग ही वस्ती सोलच्या उत्तरेला खरोखर आहे, पण तिथे गेलीस तर अपार्टमेंट दिसतील, त्या बाया दिसणार नाहीत.

पण आईंनी गल्ली कुठे मागितली? त्यांनी बाकडं मागितलंय. त्याला 'प्याँगसांग' म्हणतात. लाकडाच्या फळ्यांचा, चार पायांचा, पाठ नसलेला बसका चौथरा, आपल्या बाजेपेक्षा रुंद. सोलमध्ये कमी झालेत. पण खेड्यात किराणा दुकानासमोर, मोठ्या झाडाच्या सावलीत, बंदराच्या मागच्या गल्लीत ते असतात, आणि दुपारी तीननंतर त्यांवर आज्या असतात. गावच्या पाराचंच काम ते करतात. गुर्योंगफोत जिन्याकडे न वळता मागच्या गल्ल्यांत शिरा. छंगहाला बाजार उठायच्या वेळेला थांबा. म्हणून तर फोहांगला पाच रात्री दिल्यात. पहिल्या दिवशी नाही दिसलं तर तिसऱ्या दिवशी दिसेल.

तिथल्या बायकांना हाक मारायची तर 'इमो' म्हणायचं. इमो म्हणजे आईची बहीण, मावशी. खानावळवालीलाही सगळे इमोच म्हणतात, आपण मेसवालीला म्हणतो तसंच. त्या आज्या फारच म्हाताऱ्या असतील तर 'हालमोनी'. हे दोन्ही शब्द आईंना मालिका बघून पाठ असतील. एकच वाक्य शिकवून ठेव, रोज संध्याकाळी परवचा म्हटल्यासारखं म्हणून घे: "यॉगी आंजादो द्वेयो?" म्हणजे, इथे बसू का? त्या सरकून जागा करतील आणि पुढ्यातली पालेभाजी आईंकडे ढकलतील. तू तेवढ्यात समोरच्या दुकानातून दोन रताळी घेऊन ये.